हाफकिन कोण होता? तुम्ही सारखे विचारता ते प्रश्न

रविवारी सकाळी परळ-लालबागमध्ये लोकांना फिरवत जुन्या गोष्टी सांगायचा माझा उद्योग आहे. आचार्य दोंदे मार्गावर हाफकिन इन्स्टिट्यूटच्या गेटसमोर पोचलो की प्रश्न सुरू होतात, आणि घरी गेल्यावर तेच प्रश्न व्हॉट्सॲपवर परत येतात. प्रत्येकाला वेगळं टाईप करून अंगठे दुखायला लागले म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. एका उत्तरात जे आलंय ते दुसऱ्यात परत लिहिलेलं नाही, तिथे नंबर दिलाय, तो बघा. आणि हाफकिनला एकेरीत लिहितोय म्हणून रागावू नका, आपण सचिन म्हणतो, लता म्हणतो, तसंच हे.

१. हाफकिन हे माणसाचं नाव आहे?? मला वाटायचं जागेचं आहे.

मला पण दहावी होईपर्यंत तसंच वाटायचं. आमच्याकडे मोठी माणसं "केईएम, टाटा, वाडिया, हाफकिन" असं एका दमात म्हणायची, त्यामुळे लालबाग, काळाचौकी तसंच हे एक काहीतरी असणार अशी समजूत. तर वाल्डेमार मॉर्डेकाय हाफकिन नावाचा माणूस होता, जन्म १५ मार्च १८६०, मृत्यू २६ ऑक्टोबर १९३०. त्याने कॉलऱ्याची आणि प्लेगची अशा दोन लसी तयार केल्या आणि दोन्ही आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतल्या. प्लेगची लस आपल्या मुंबईत, भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार झाली.

२. हाफकिन, हॅफकिन, हाफकीन, नक्की बरोबर काय?

मुंबईत सगळे हाफकिनच म्हणतात, रिक्षावाल्यापासून डॉक्टरपर्यंत. तेच लिहा. रशियन लोक वेगळा उच्चार करतात पण त्यांना परळला जायचं नसतं.

३. इंग्रज होता ना? गव्हर्नमेंटचा माणूस?

इंग्रज अजिबात नव्हता. ओडेसाचा ज्यू. ओडेसा म्हणजे काळ्या समुद्रावरचं बंदर, तेव्हा रशियन साम्राज्यात, आता युक्रेनमध्ये. तिथल्या युनिव्हर्सिटीत तो प्राणीशास्त्र शिकला, एली मेच्निकोव्हच्या हाताखाली, ज्याला पुढे १९०८ मध्ये नोबेल मिळालं. १८८१ मध्ये ज्यूंच्या वस्त्यांवर दंगे झाले तेव्हा हा पोरगा वस्ती वाचवायला उभ्या राहिलेल्या तरुणांमध्ये होता, त्यात पकडला पण गेला. मेच्निकोव्हने शब्द टाकला म्हणून सुटला. पुढे प्रोफेसर व्हायचं तर धर्म बदल म्हणाले, तो नाही म्हणाला, विषय संपला. १८८८ ला जिनिव्हा, आणि १८८९ ला पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये नोकरी, ती पण कसली तर लायब्ररीतल्या असिस्टंटची. दिवसा पुस्तकं सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत जंतू वाढवायचे. ब्रिटिश नागरिकत्व त्याने खूप नंतर घेतलं, आणि भारतात आला तेव्हा तर काही साहेबांना हा रशियाचा हेर असल्याचा संशय होता.

४. लसीचा शोध तर जेनरने लावला ना? मग हा पायोनियर कसा काय?

जेनरची लस देवीची. १४ मे १७९६ ला त्याने जेम्स फिप्स नावाच्या मुलाला गायीच्या देवीतला पू टोचला. ती लस मुंबईत पण फार लवकर पोचली, १४ जून १८०२ ला मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या ३ वर्षांच्या मुलीला टोचली, भारतातली ती पहिली. पण देवीत निसर्गानेच सोय करून ठेवली होती, गायीचा सौम्य आजार माणसाला मोठ्या आजारातून वाचवत होता. कॉलरा, प्लेग यांना असा सौम्य भाऊ नाही. तिथे जंतू शोधा, काचेत वाढवा, त्याची नांगी मोडा आणि मग माणसाला द्या, अशी सगळी मेहनत. पाश्चरने हे कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर, मेंढ्यांच्या अँथ्रॅक्सवर आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावर केलं होतं. जंतूंपासून बनवलेली लस हजारो माणसांना टोचायची आणि टोचलेले किती मेले, न टोचलेले किती मेले हे शेजारी शेजारी मोजायचं, हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवणाऱ्या पहिल्या लोकांत हाफकिन. माझ्या मते त्याचं खरं मोठेपण लसीपेक्षा या मोजण्यात आहे (प्रश्न ११).

५. आधी कोणती लस, कॉलऱ्याची का प्लेगची?

कॉलऱ्याची, म्हणजे आपल्या जुन्या भाषेत पटकी. जिच्यासाठी गावोगाव मरीआईचे गाडे निघायचे तीच. पॅरिसमध्ये हाफकिनने कॉलऱ्याचे जंतू गिनिपिगच्या पोटातून एकातून दुसऱ्यात असे फिरवून फिरवून जहाल केले, आणि दुसरीकडे उष्णता आणि हवा देऊन मवाळ केले. आधी मवाळ टोचायचे, काही दिवसांनी जहाल. १८ जुलै १८९२ ला पहिलं इंजेक्शन स्वतःला, ताप आला, अंग दुखलं, उतरलं. सहा दिवसांनी दुसरं. मग त्याच्या तीन रशियन मित्रांनी हात पुढे केले. असे मित्र असावेत.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, कारण दर वेळी कोणीतरी विचारतंच, की कॉलऱ्याची जगातली पहिली लस हाफकिनची का? तर नाही. स्पेनमध्ये हाइमे फेरान नावाच्या डॉक्टरने १८८५ च्या साथीत व्हॅलेन्सियाकडे हजारो लोकांना टोचलं होतं. पण त्याची पद्धत आणि नोंदी यावर खूप वाद झाले आणि शास्त्रज्ञांनी ती मान्य केली नाही.

६. मग भारतातच का आला? रशियात, फ्रान्समध्ये कॉलरा नव्हता का?

होता की, १८९२ मध्ये रशियात साथ चालूच होती, पण त्याला तिथे कोण उभं करणार. सयामला जायचा विचार चालला होता, म्हणजे आजचं थायलंड, ते पण बारगळलं. तेव्हा पॅरिसमध्ये ब्रिटिशांचा राजदूत होता लॉर्ड डफरिन, जो आधी हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होता. तो म्हणाला बंगालला जा, कॉलऱ्याचं माहेरच ते. मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्याला उतरला. पुढच्या दोन-अडीच वर्षांत आग्र्यापासून आसामच्या चहामळ्यांपर्यंत भटकत सुमारे ४२,००० लोकांना टोचलं, सैनिक, कैदी, मजूर, बस्तीतले लोक.

कलकत्त्याच्या कट्टल बागान बस्तीची गोष्ट मला आवडते. १८९४ च्या मार्चअखेर तिथे कॉलरा निघाला, साधारण २०० लोकांच्या वस्तीत ११६ जणांनी टोचून घेतलं, बाकीचे नको म्हणाले. एकच तळं, एकच गल्ली, तेच पाणी. नंतर ज्या केसेस आल्या त्या सगळ्या न टोचलेल्यांमध्ये.

बस्तीत त्याने कोणावर बळजबरी केली नव्हती, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. नंतर मलेरियाने बेजार होऊन १८९५ मध्ये युरोपला गेला, तब्येत जरा सावरली आणि १८९६ ला परत आला.

७. मुंबईत प्लेग आला तेव्हा तो इथेच होता का?

नव्हता. मांडवीत, मशीद बंदरच्या त्या गोदामांच्या भागात, सप्टेंबर १८९६ मध्ये लोक जांघेत-काखेत गाठी येऊन मरायला लागले. हा गाठीचा ताप म्हणजे प्लेगच, असं पहिल्यांदा छातीठोकपणे सांगितलं डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरने. (मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे, कोणी बघत नाही, बघा एकदा.) सरकारने हाफकिनला कलकत्त्याहून बोलावलं, तो ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मुंबईत पोचला. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला जागा मिळाली ती एक खोली आणि व्हरांडा. हाताखाली एक क्लार्क आणि तीन शिपाई. शहरातून लाखो लोक पळून चाललेत, स्टेशनं भरून वाहतायत, आणि प्लेगची लस करायला स्टाफ एवढा! तीन महिन्यांत लस तयार.

८. लसीत तूप घालायचे म्हणतात, ते खरं का अफवा?

खरं, पण ऐकताना जसं वाटतं तसं नाही. लस म्हणून तूप टोचत नव्हते. मोठ्या काचेच्या चंबूत मांसाचा रस्सा, तो शांत ठेवलेला, वर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब तरंगत. प्लेगचे जंतू त्या थेंबाच्या खालच्या बाजूला चिकटून वाढायचे आणि बारीक पांढरे धागे खाली लोंबायला लागायचे. जुन्या वाड्याच्या आढ्याला जळमटं कशी लोंबतात, डोळ्यासमोर आणा, तसंच, फक्त काचेत आणि उलटं तरंगणाऱ्या तुपाला. चंबूला जरा धक्का लागला की धागे तुटून तळाशी, म्हणून हात लावायचा नाही. थोडे दिवस झाले की मुद्दाम हलवायचा, धागे खाली बसायचे, तुपाला परत नवीन पीक. असं पाच-सहा आठवडे. शेवटी सगळा चंबू ६५ ते ७० डिग्रीला तासभर तापवायचा, जंतू मेले, वर जंतुनाशक म्हणून थोडं कार्बोलिक ॲसिड, आणि बाटलीत बंद. जंतू मेलेले असल्यामुळे ही लस घेऊन प्लेग होण्याची भीती नव्हती. आणि हे धाग्याधाग्यांनी लोंबणं हीच प्लेगच्या जंतूची ओळख म्हणून पण वापरता यायची.

तूप हे नाव ऐकून लोकांच्या मनात काय काय आलं असेल याचा विचार करा, धर्म बुडणार, जात जाणार. अशा अफवा उठल्याच. प्रश्न १२ बघा.

९. प्लेगची लस पण स्वतःलाच टोचली? एवढी घाई का?

१० जानेवारी १८९७. त्याने स्वतःला १० सीसी टोचून घेतली, नंतर लोकांना देत होते त्यापेक्षा कितीतरी जास्त. कारण साधं, जास्तीत जास्त काय होऊ शकतं ते आधी स्वतःवर बघायचं. चांगला सणसणीत ताप आला, टोचलेल्या जागी सूज आणि ठणका, आणि काही दिवसांत ठीक. मग कॉलेजातले डॉक्टर आणि इतर मंडळी पुढे आली. आजच्या नियमात हे बसत नाही, कुठलीही एथिक्स कमिटी हाकलून देईल. पण त्या वेळी कमिट्याच नव्हत्या आणि साहेब आपल्यावर काहीतरी विष टोचतोय असं अर्ध्या मुंबईला वाटत होतं, तेव्हा आधी माझा हात घ्या, याला वजन होतं.

१०. भायखळा जेलमधल्या कैद्यांवर जबरदस्तीने प्रयोग केले ना? मी एका ठिकाणी वाचलं.

भायखळ्याच्या तुरुंगात जानेवारीच्या शेवटी प्लेग शिरला. आत साधारण ३३० कैदी. टोचून घ्यायचं का विचारलं, दीडशेच्या आसपास तयार झाले, बाकीच्यांनी नाही म्हटलं, त्यांना तसंच ठेवलं. पुढच्या दिवसांत न टोचलेल्यांमध्ये १२ जणांना प्लेग झाला, ६ गेले. टोचलेल्यांमध्ये २ जणांना झाला, कोणी गेलं नाही. यात एक गोम आहे, ती लपवत नाही. टोचताना ज्यांच्या अंगात प्लेग आधीच शिरलेला होता आणि त्याच दिवशी लक्षणं दिसली, असे तीन जण मोजणीत धरलेले नाहीत, आणि ते तिघे गेले.

आता जबरदस्तीचं. कागदावर ते स्वखुशीने आले. पण तुरुंगातल्या माणसाची स्वखुशी किती खुशीची असते हा प्रश्न तुम्ही विचारला तर बरोबरच विचारताय, आज म्हणूनच कैद्यांवर असे प्रयोग करू देत नाहीत. मी त्याला हिरो करायला बसलो नाहीये. एवढंच म्हणेन की नाही म्हणणाऱ्यांना नाही म्हणता आलं, निम्म्याहून जास्त लोक तसं म्हणाले.

११. पण लस खरंच चालत होती का? का नुसतं नाव?

आकडे देतो, तुम्ही ठरवा.

दमण, १८९७, पोर्तुगीजांचं राज्य. धाकट्या दमणमध्ये २,१९७ जणांनी टोचून घेतलं, त्यातले ३६ मेले. ६,०३३ जणांनी नाही घेतलं, त्यातले १,४८२ मेले. म्हणजे एकीकडे शंभरात दीड-दोन, दुसरीकडे शंभरात चोवीस-पंचवीस. वाचून अंगावर काटा येतो. पण थांबा, इथे टोचून कोणी घ्यायचं हे लोकांनी स्वतः ठरवलं होतं, त्यामुळे शहाणी, खातीपिती माणसं जास्त आली असतील, न टोचलेल्यांमध्ये गरीब जास्त असतील, असा आक्षेप घेता येतो आणि तो घेतलाच पाहिजे.

म्हणून मला उंढेरा जास्त महत्त्वाचं वाटतं. बडोदा संस्थानातलं छोटं गाव, फेब्रुवारी १८९८. तिथे घराघरातली माणसं निम्मी-निम्मी वाटली. एकाच घरात, एकाच छपराखाली, सासूला टोचलंय, सुनेला नाही, एका भावाला टोचलंय, दुसऱ्याला नाही. टोचलेले ७१, त्यात ८ जणांना प्लेग, ३ मेले. न टोचलेले ६४, त्यात २७ जणांना प्लेग, २६ मेले. सत्तावीसातले सव्वीस! आकडे लहान आहेत, पण तुलना स्वच्छ. आजकाल लसीच्या चाचणीत कंट्रोल ग्रुप म्हणतात ना, त्याचा हा आजोबा.

बरं, मर्यादा पण ऐका. असर काही महिनेच टिकायचा, परत टोचावं लागायचं. गाठीच्या प्लेगवर चालायची, फुफ्फुसाच्या प्लेगवर भरवसा नाही. आणि ताप-सूज इतकी की मजुराचे दोन दिवस खाडे पडायचे. दोन दिवसांची मजुरी म्हणजे गिरणी कामगाराला काय, हे परळच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

१२. लोक घ्यायला तयार कसे झाले? अफवा नव्हत्या?

भरपूर होत्या. टोचलं की नपुंसक होतो, टोचलं की मरतो, टोचलं की धर्म जातो. कोविडमध्ये जे जे मेसेज फिरले त्यांचे आजोबा-पणजोबा सगळे १८९७ मध्ये हजर होते. फरक पडला तो ओळखीच्या माणसांमुळे. खोजांचे धर्मगुरू आगाखान तिसरे तेव्हा जेमतेम १९ वर्षांचे, त्यांनी लोकांसमोर स्वतः टोचून घेतलं आणि माझगावचा खुश्रू लॉज नावाचा बंगला हाफकिनच्या प्रयोगशाळेला दिला. मग खोजा समाजातल्या हजारो लोकांनी टोचून घेतलं. सरकारी नोटीस चिकटवून जे होत नाही ते आपल्यातल्या माणसाने दंड पुढे केला की होतं.

शिवाय टोचून घेतल्याचा दाखला मिळायचा आणि तो दाखवला की सेग्रीगेशन कॅम्पच्या (प्लेगच्या संशयावरून लोकांना वेगळं ठेवायचे तो) कटकटीतून सूट मिळत असे. कोणाच्या पणजोबांच्या ट्रंकेत असा कागद असेल तर मला फोटो पाठवा, फेकू नका.

१३. म्हणजे रँड आणि हाफकिन एकाच टीमचे? पुण्यात जे झालं त्यात याचा हात होता?

हा गोंधळ सगळ्यात जास्त होतो. दोघं एकाच सरकारच्या पगारावर, काम मात्र वेगवेगळं. रँड हा पुण्याच्या प्लेग कमिटीचा प्रमुख. ४ फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याच्या (२०२० मध्ये आपल्यावर लागला तोच हा कायदा) जोरावर सोल्जर घरात घुसवून झडत्या, सामान बाहेर, बायाबापड्यांची तपासणी, माणसं उचलून कॅम्पात. २२ जून १८९७ ला गणेशखिंडीत चाफेकर बंधूंनी त्याला गोळी घातली, ते तुम्हाला माहितीच आहे. हाफकिन या झडतीच्या कारभारात नव्हता. त्याचं काम टोचायचं, आणि ते विचारून. पण पुण्यातल्या माणसाला हा फरक कसा कळावा? गोरा साहेब, हातात सुई, मागे तोच सरकारी शिक्का. रँडच्या वागण्याची किंमत लसीने पण मोजली, असं माझं मत.

१४. सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. लस असताना त्यांना मिळाली नाही का?

हा प्रश्न एका काकूंनी गेटसमोर विचारला होता आणि सगळे गप्प झाले होते. तारखा बघा. १० जानेवारीला लस पहिल्यांदा हाफकिनच्या अंगात गेली, ३० जानेवारीला भायखळा तुरुंग, आणि १० मार्चला सावित्रीबाई गेल्या, दत्तक मुलाच्या, यशवंतरावांच्या, पुण्याजवळच्या दवाखान्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना. लस तेव्हा दोन महिन्यांची पण नव्हती, हाताने चंबू हलवून बनत होती, आणि एक चंबू तयार व्हायला पाच-सहा आठवडे (प्रश्न ८). मिळाली असती तर वगैरेवर मी बोलत नाही.

१५. परळची ती जुनी बिल्डिंग हाफकिनने बांधली का?

नाही हो. ती मूळची पोर्तुगीज काळातली, पाद्र्यांची. मग मुंबईच्या गव्हर्नरचा बंगला झाला. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसनची बायको तिथेच कॉलऱ्याने गेली, आणि नंतर गव्हर्नर मंडळींनी मुक्काम मलबार हिलला हलवला. गंमत बघा, कॉलऱ्याने रिकामा केलेला बंगला कॉलऱ्याची लस करणाऱ्याला मिळाला. ग्रँट कॉलेजचा व्हरांडा, मलबार हिल, मग खुश्रू लॉज असं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरत शेवटी १० ऑगस्ट १८९९ ला प्लेग रिसर्च लॅबोरेटरी परळला सुरू झाली. १९०६ ला नाव बदलून बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी झालं, आणि १९२५ ला हाफकिन इन्स्टिट्यूट.

१६. एका गावात लसीने माणसं मेली आणि ते दाबलं, हे खरं आहे का?

मेली हे खरं. दाबलं हे उलटं, इतकं गाजलं की त्यात हाफकिनची कारकीर्द गेली. जरा सविस्तर सांगतो, कारण अर्धवट फॉरवर्ड फार फिरतात.

३० ऑक्टोबर १९०२, पंजाबमधलं मुल्कोवाल गाव, आता पाकिस्तानात. त्या दिवशी १०७ जणांना पाच बाटल्यांमधून टोचलं. त्यातल्या ५३-एन नंबरच्या एकाच बाटलीतून ज्या १९ जणांना टोचलं होतं ते सगळे धनुर्वाताने मेले. बाकीच्या चार बाटल्यांमधल्या कोणाला काही झालं नाही. बाटली ४१ दिवसांपूर्वी परळला भरलेली.

चौकशी बसली, अध्यक्ष मुंबई हायकोर्टाचे चीफ जस्टिस लॉरेन्स जेनकिन्स. ठपका असा, की घाण परळलाच गेली. कारण पंजाब सरकारला प्रचंड माल हवा होता, आणि हाफकिनने पद्धत बदलून कार्बोलिक ॲसिड घालणं बंद केलं होतं, उष्णतेवरच भरवसा. तो म्हणत होता तेवढं पुरेसं आहे, पॅरिसला पण तसंच करतात. कोणी ऐकलं नाही, डायरेक्टरपद गेलं.

आता बारकावा. बाटली उघडली त्या दिवशी काय झालं? कंपाउंडरच्या हातून चिमटा जमिनीवर पडला, तो नीट निर्जंतुक न करता त्यानेच बाटलीचं बूच काढलं. पंजाबातल्या गावातली जमीन, गुरांचा वावर, धनुर्वाताचे जंतू मातीत असतातच. शिवाय धनुर्वाताचे जंतू ४१ दिवस बाटलीत वाढले असते तर बूच काढताच घाणेरडा वास मारला असता, आणि उघडताना वास आलेला नव्हता. ही गोष्ट चौकशीच्या कागदांतच होती. फक्त तिचा अर्थ कोणी लावला नाही.

१७. मग त्याला न्याय मिळाला का?

मिळाला, पण आपल्याकडे कोर्टात मिळतो तसा. १९०४ पासून तो इंग्लंडला, ना पद ना काम, अहवाल छापून आला १९०६ ला. मग रोनाल्ड रॉस, मलेरियावाले, नोबेलवाले, त्यांनी हे प्रकरण लावून धरलं. जुलै १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये दहा शास्त्रज्ञांच्या सह्यांचं पत्र आलं, की पुरावा बघता दोष गावातल्या त्या चिमट्याकडे जातो, प्रयोगशाळेकडे नाही. फ्रान्समधल्या ड्रेफस प्रकरणाशी (सैन्यातल्या एका अधिकाऱ्यावर हेरगिरीचा खोटा आळ आला होता ते) तेव्हा लोकांनी याची तुलना केली, तिथे पण ज्यू माणूस, तिथे पण वरच्यांनी चूक मान्य करायला लावलेली वर्षं. १९०७ च्या शेवटी सरकारने त्याला परत कामावर घेतलं, पण परळला नाही, कलकत्त्याला. आणि माणसांवर नवीन लसीच्या चाचण्या करायची परवानगी नाही. म्हणजे बॅट हातात द्यायची आणि पिचवर जाऊ द्यायचं नाही. पंचावन्नाव्या वर्षी रिटायर होऊन निघून गेला.

त्याच काळात परळहून त्याची लस मात्र देशभर चाललीच होती, १८९७ ते १९२५ मध्ये सुमारे २ कोटी ६० लाख डोस मुंबईहून गेले.

१८. उंदीर-पिसवांमुळे प्लेग होतो हे त्यानेच शोधलं ना?

नाही. प्लेगचा जंतू शोधला येर्सिनने, १८९४ ला हाँगकाँगमध्ये. उंदरावरची पिसू रोग पसरवते हे १८९८ ला कराचीत पॉल-लुई सिमाँने दाखवलं, लोक हसले त्याला. मग १९०५ पासून परळच्याच प्रयोगशाळेत प्लेग कमिशनने प्रयोग करून ते पक्कं केलं. लस तयार झाली तेव्हा रोग नक्की पसरतो कसा हेच माहीत नव्हतं, लोक हवेला, धान्याला, गटारांना दोष देत होते.

१९. ट्रेकला जातोय, उंदीर खूप आहेत, प्लेगची लस घेऊ का?

डॉक्टरला विचारा, पण सर्वसामान्य लोकांना आता ही लस देत नाहीत, फक्त जंतूंबरोबर काम करणाऱ्यांसारख्या मोजक्या लोकांचा विचार होतो. प्लेगवर आता अँटिबायोटिक चालतात, वेळेत सुरू झाले तर. १९९४ ला सुरतेत प्लेग आला तेव्हा लोक टेट्रासायक्लिनच्या गोळ्यांसाठी दुकानं धुंडाळत होते. कॉलऱ्याची आजची लस तोंडाने घ्यायची असते, तिचा हाफकिनच्या सुईशी नात्यापुरताच संबंध.

२०. हाफकिन इन्स्टिट्यूट आणि हाफकिन बायोफार्मा एकच का?

नाही, आवार तेच, संस्था दोन. इन्स्टिट्यूट म्हणजे संशोधन, शिक्षण, तपासणी. १९३२ ला साहिब सिंग सोखे हे तिचे पहिले भारतीय डायरेक्टर झाले. बायोफार्मा ही राज्य सरकारची कंपनी, १९७५ ला उत्पादनाचं काम वेगळं काढून झालेली, पोलिओचे डोस आणि सापाच्या विषावरचं औषध हे तिचं मोठं काम. एप्रिल २०२१ मध्ये कोव्हॅक्सिन बनवायला परवानगी मिळाली म्हणून पेपरात नाव आलं ते बायोफार्माचं.

२१. लग्न, मुलंबाळं? वंशज मुंबईत आहेत का?

लग्न केलं नाही. रिटायर झाल्यावर फ्रान्समध्ये, शेवटची दोन वर्षं स्वित्झर्लंडच्या लोझानमध्ये. वय वाढलं तसा धर्माकडे जास्त वळला, आणि ज्या धर्मापायी ओडेसात प्रोफेसरकी सोडली त्याच्याच शाळांना, पूर्व युरोपातल्या ज्यू धार्मिक शाळांना, सगळी पुंजी देऊन गेला.

२२. परळच्या संस्थेला स्वतःचं नाव मिळालेलं त्याला कळलं का? आणि भारतात काही मान वगैरे?

कळलं, १९२५ ला तो हयात होता. ते नाव द्या असं सुचवणारे तेव्हाचे डायरेक्टर होते, म्हणजे ज्या खुर्चीवरून त्याला उठवलं त्याच खुर्चीतून ती सूचना गेली. १८९७ मध्ये राणीच्या डायमंड ज्युबिलीला सीआयई हा किताब मिळाला होता, आणि १९६४ ला भारताच्या पोस्टाने त्याचं तिकीट काढलं. माझ्या मामांच्या जुन्या तिकिटांच्या वहीत ते आहे, खाली हिंजसकट चिकटवलेलं. मामांना विचारलं हे कोण, तर म्हणाले, "अरे तो आपला परळचा."